साबणाने पोसलेली अत्तराची घराणी

#थ्रेड

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतील तालुके वेगळे काढून जालना जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर 'डायनेस्टी' ही मालिका सुरू झाली होती. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. एका बाजूला कापूस, ज्वारी आणि बियाण्यांच्या व्यापारावर जगणारा नवा जिल्हा, दुसऱ्या बाजूला डेन्व्हरमधील तेलसम्राटाचा महाल, संगमरवरी जिना आणि त्या जिन्यावरून उतरणाऱ्या रेशमी पोशाखांतील स्त्रिया. तरीही पुढील वीस वर्षांत तो जिना जालन्यातील घराघरांत पोहोचला. त्या प्रवासाचा खर्च कोणी दिला, हा या लेखनाचा विषय आहे.

उत्तर एका शब्दात द्यायचे तर साबणाने.

दैनंदिन कौटुंबिक मालिकेला इंग्रजीत 'सोप ऑपेरा' म्हणतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण हे नाव उपहासाने पडलेले आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत रेडिओवर दुपारच्या वेळी गृहिणींसाठी पंधरा-पंधरा मिनिटांची श्रुतिका-मालिका होत असे. १९३३मध्ये सुरू झालेली 'मा पर्किन्स' ही त्यांतील विशेष गाजलेली मालिका. तिची प्रायोजक प्रॉक्टर अँड गॅम्बल ही कंपनी होती आणि जाहिरात असे 'ऑक्सिडॉल' या कपडे धुण्याच्या पावडरीची. सासू-सुना, विधवा माता, हरवलेली मुले यांच्या अश्रूंच्या मध्ये फेसाचे गुणगान. ऑपेरा म्हणजे युरोपातील उच्चभ्रूंचे संगीतनाट्य आणि सोप म्हणजे धुण्याचा साबण. या दोन टोकांची गाठ मारून टीकाकारांनी हे विशेषण तयार केले आणि ते कायमचे चिकटले.

येथे एक बाब लक्षात घ्यावी. साबण कंपनी केवळ जाहिरात देत नव्हती. अनेकदा मालिकेची निर्मितीच तिच्या हाती असे. लेखिका अर्ना फिलिप्स यांनी १९३७मध्ये रेडिओवर सुरू केलेली 'गायडिंग लाइट' १९५२मध्ये दूरचित्रवाणीवर गेली आणि २००९मध्ये संपली. रेडिओ व दूरचित्रवाणी मिळून बहात्तर वर्षे. इतका काळ एखादी कथा चालते, तेव्हा तिच्या प्रकृतीला कलेपेक्षा हिशेबाची वही अधिक जबाबदार असते.

फिलिप्स यांच्या हाताखाली तयार झालेले लेखक विल्यम बेल यांनी पत्नी ली फिलिप बेल यांच्यासह २६ मार्च १९७३ रोजी सीबीएस वाहिनीवर 'द यंग अँड द रेस्टलेस' सुरू केली. प्रारंभी त्या मालिकेत वृत्तपत्राच्या मालकाचे एक सधन कुटुंब आणि त्याच्या समोर एक गरीब कुटुंब होते. १९८०च्या सुमारास ही मूळ कुटुंबे हळूहळू बाजूला झाली आणि मध्यभागी आले ॲबट घराणे. त्यांच्या मालकीची कंपनी म्हणजे 'जाबो कॉस्मेटिक्स'. सौंदर्यप्रसाधने आणि सुगंधी द्रव्ये बनविणारी, पूर्णतः काल्पनिक. जाबो हा मूळ फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ गळ्याशी लावायची झालरीची पट्टी. नावातच उपयोगापेक्षा शोभा अधिक.

सुगंधाचाच व्यवसाय का निवडला गेला असावा? पोलाद किंवा सिमेंट का नाही? (जालन्याच्या वाचकाला हा प्रश्न साहजिकच पडेल, कारण त्या शहराची आजची ओळख पोलादी सळया आणि संकरित बियाणे ही आहे.) कारण कथेच्या यंत्रणेत आहे. पोलादाच्या कारखान्यातील रहस्य तिजोरीत मावत नाही. सुगंधाचे मात्र सूत्र असते, ते एका कागदावर लिहिता येते, चोरता येते, प्रतिस्पर्ध्याला विकता येते, मृत्युपत्रात ठेवता येते. नव्या अत्तराला नाव द्यावे लागते आणि ते पत्नीचे द्यायचे की प्रेयसीचे, यावर दहा भाग सहज निघतात. उद्घाटनाची मेजवानी हवी, छायाचित्रांसाठी सुंदर चेहरे हवेत, प्रयोगशाळेत एक प्रामाणिक रसायनतज्ज्ञ हवा. शिवाय संचालक मंडळ हे घरातील जेवणाच्या मेजाचेच दुसरे रूप. जाबोवर व्हिक्टर न्यूमन या प्रतिस्पर्धी उद्योगपतीचा डोळा राहिला आणि त्याने ती बळकावण्याचे डाव एकाहून अधिक वेळा टाकले.

आणि सर्वांत सोयीची गोष्ट अशी की दूरचित्रवाणीवर वास येत नाही. अत्तर चांगले की वाईट, हे प्रेक्षकाला कधीच ठरवता येत नाही. दिसते ती फक्त कुपी. त्यामुळे पात्रांनी 'अप्रतिम' म्हटले की ते अप्रतिम.

या व्यवस्थेतील विनोद असा, की पडद्यावर राज्य करीत होते अत्तराचे घराणे आणि पडद्यामागे बिल भरीत होते साबणाचे घराणे.

१९८४मध्ये तर काल्पनिक आणि खरे यांतील भिंतच पडली. 'डायनेस्टी'तील क्रिस्टल या नायिकेच्या नावाने 'फॉरएव्हर क्रिस्टल' हे अत्तर प्रत्यक्ष बाजारात आले. चार्ल्स ऑफ द रिट्झ या कंपनीने ते काढले आणि क्रिस्टलची भूमिका करणाऱ्या लिंडा इव्हान्स यांनीच त्याची जाहिरात केली. ज्या प्रेक्षकाला जिना, महाल आणि हिरे परवडणारे नव्हते, त्याला कुपी परवडत होती.

भारतात ही परंपरा आली ती मात्र वेगळ्याच दाराने, आणि दार उघडणारा माणूस मराठी होता. विदर्भातील नेते वसंत साठे १९८०च्या दशकाच्या प्रारंभी केंद्रात माहिती व प्रसारण मंत्री होते. रंगीत दूरचित्रवाणीचे ते खंदे पुरस्कर्ते. गरीब देशाला रंगीत चित्रांची चैन कशासाठी, असा आक्षेप तेव्हा जोरात होता, तरी १५ ऑगस्ट १९८२ रोजी रंगीत राष्ट्रीय प्रक्षेपण सुरू झाले. त्याच काळात साठे मेक्सिकोला गेले. तेथे मिगेल साबिदो यांनी कुटुंबनियोजन, प्रौढ साक्षरता असे विषय कौटुंबिक मालिकांत गुंफण्याची पद्धत यशस्वी केली होती. त्यातून प्रेरणा घेऊन ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांचे लेखन, एक निम्नमध्यमवर्गीय कुटुंब, १५६ भाग. हेतू शासकीय, समाजशिक्षणाचा. प्रायोजक कोण? दोन मिनिटांत शिजणारी मॅगी. मालिकेने कुटुंबनियोजन किती घडविले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मॅगी भारतीय स्वयंपाकघरात स्थिरावली, यावर नाहीत.

गरीब कुटुंबाच्या पाठोपाठ श्रीमंत कुटुंब आलेच. १९८५मध्ये श्रीधर क्षीरसागर यांची 'खानदान' आली. उद्योगपतींचे घराणे, सत्तास्पर्धा, विवाहबाह्य संबंध. तिची तुलना तेव्हाच 'डायनेस्टी'शी झाली. पुढे स्टारची उपग्रह वाहिनी आली आणि 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' ही बेल दांपत्याचीच दुसरी मालिका थेट भारतीय दिवाणखान्यांत उतरली. तिच्यातील फॉरेस्टर घराणे फॅशनचे व्यापारी. जाबोचे हे धाकटे भावंड. १९९४मध्ये दूरदर्शनवर दुपारची 'शांती' आली. १९९५च्या 'स्वाभिमान'च्या लेखनात शोभा डे होत्या. पूर्वाश्रमीच्या राजाध्यक्ष, म्हणजे मराठी घरातील. दिग्दर्शन महेश भट्ट यांचे. उद्योगपती केशव मल्होत्रा मरण पावतो आणि त्याच्या संपत्तीवर पत्नी, मुले आणि प्रेयसी स्वेतलाना यांचा झगडा सुरू होतो. भाग सुमारे पाचशे.

आता एक प्रश्न. सुगंध, सौंदर्य, घराणे आणि कंपनीची मालकी, हे सारे एकत्र असलेली खरी कथा महाराष्ट्रात घडली का? घडली, आणि ती मुंबईत घडली.

टाटांची 'टाटा ऑइल मिल्स' ही कंपनी, व्यापारी वर्तुळात 'टॉम्को', विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस खोबरेल तेलाच्या उद्योगासाठी कोचीजवळ सुरू झाली. तेलापाठोपाठ साबण आला. ५०१, हमाम आणि महाराष्ट्राच्या दिवाळीशी एकजीव झालेला मोती. गोल, जाडजूड, गुलाब वा चंदनाच्या वासाचा हा साबण वर्षातून एकदा, अभ्यंगस्नानाच्या पहाटे, उटण्याच्या वाटीशेजारी मांडला जाई. मराठवाड्यातील असंख्य घरांसाठी अत्तर हा शब्द लग्नातील फाया आणि गुलाबदाणी यांपुरताच मर्यादित होता. अंगाला सुगंध लावण्याची चैन त्यांना परवडली ती साबणाच्या वडीतून. सुगंधाच्या सामाजिक इतिहासात या वडीला कोणत्याही फ्रेंच कुपीपेक्षा मोठे स्थान द्यावे लागेल.

या साबणाच्या कंपनीने १९५२मध्ये एक उपकंपनी काढली. परदेशी प्रसाधनांवर खर्च होणारे परकीय चलन वाचावे म्हणून पंतप्रधान नेहरूंनी जे. आर. डी. टाटांना तसे सुचविले, असे सांगितले जाते. दोन फ्रेंच आस्थापनांचे तांत्रिक साहाय्य होते. नावही फ्रेंच रूपातील, पण अर्थाने अस्सल देशी : लॅक्मे. लेओ दलीब याच्या १८८३मधील ऑपेराची नायिका लॅक्मे ही हिंदू पुरोहिताची कन्या, आणि तिचे नाव म्हणजे 'लक्ष्मी'चा फ्रेंच उच्चार. सोप आणि ऑपेरा यांचा इतका शब्दशः विवाह जगात इतरत्र क्वचितच झाला असेल.

१९६१मध्ये या कंपनीच्या कारभारात सिमोन टाटा आल्या. जन्म जिनिव्हाचा, विवाह नवल टाटांशी १९५५मध्ये. भारतीय स्त्रीने लिपस्टिक लावणे हे सभ्यतेला सोडून समजले जाण्याचा तो काळ. मराठी मध्यमवर्गात तर पावडर आणि कुंकू यांपलीकडे जाणारी मुलगी 'नटवी' ठरत असे. त्या वातावरणात दोन दशकांहून अधिक काळ काम करून सिमोन टाटांनी लॅक्मे घराघरांत नेली आणि १९८२मध्ये त्या अध्यक्ष झाल्या. दूर अमेरिकेत काल्पनिक ॲबट घराणे जाबोच्या संचालक मंडळात भांडत होते, त्याच वर्षांत मुंबईत एक परदेशात जन्मलेली सून खरीखुरी प्रसाधन कंपनी चालवीत होती. तिच्यावर मालिका मात्र कोणी काढली नाही.

या कथेचा उत्तरार्ध नव्वदच्या दशकात आला. उदारीकरणानंतर टॉम्को चालविणे टाटांना लाभदायक वाटेना. १९९३मध्ये ती तिच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यात, हिंदुस्तान लिव्हरमध्ये, विलीन करण्याचे ठरले. टॉम्कोच्या १५ समभागांमागे लिव्हरचे २ समभाग. कामगार संघटना न्यायालयात गेल्या. समभागांचे मूल्य नीट ठरविलेले नाही, साबणाच्या बाजारात मक्तेदारी होईल, कर्मचाऱ्यांच्या हिताचे काय, असे मुद्दे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९४मध्ये न्यायालयाने विलीनीकरण कायम ठेवले. मोतीची वडी तीच राहिली, वेष्टनावरील कंपनीचे नाव बदलले. लॅक्मे प्रथम १९९६मध्ये लिव्हरसोबत भागीदारीत गेली आणि १९९८मध्ये टाटांनी ती सुमारे २०० कोटी रुपयांना सोडली. त्या पैशातून टाटांची वस्त्रदालने उभी राहिली. अत्तराचे घराणे अखेर साबणाच्या घराण्याने विकत घेतले. बेल यांच्या लेखकांना हा शेवट सुचला असता तर प्रायोजकांनी तो कदाचित होऊ दिला नसता.

याहून शांत अशी दुसरी कथा मुलुंडची आहे. एस. एच. केळकर अँड कंपनी ही १९२२मध्ये मुंबईत स्थापन झालेली सुगंधी द्रव्यांची कंपनी, आज 'केवा' या नावाने परिचित. केळकर-वझे या मराठी मंडळींनी ती वाढविली. मुलुंडचे वि. ग. वझे महाविद्यालय, स्थापना १९८४, त्याच परिवाराच्या शिक्षण संस्थेचे. कंपनीचे समभाग २०१५मध्ये बाजारात आले. पण या व्यवसायाचे स्वरूपच असे, की ग्राहकाला नाव कळत नाही. साबण, उदबत्ती, तेल यांच्या उत्पादकांना गंध पुरवायचा आणि स्वतः वेष्टनाबाहेर राहायचे. मालिकेतील जाबोचे नाव इमारतीच्या माथ्यावर झळकते. खऱ्या सुगंधाच्या कारखान्याचे नाव शेजारच्या गल्लीतही अनेकांना ठाऊक नसते.

त्याही आधीची, आणि सर्वांत नाट्यमय, कथा खानदेशच्या डोंगरांतील आहे. तेथे रोशा नावाचे गवत उगवते, संस्कृतात रोहिष, मराठीत काही ठिकाणी तिखाडी. पावसाळा सरता-सरता ते फुलावर आले की पिंपळनेर, नंदुरबार या भागांत ओढ्याकाठी भट्ट्या लागत. गवत कापून भट्टीत भरायचे, पाण्यावर उकळायचे, वाफ थंड करून वर तरंगणारे तेल काढून घ्यायचे. डोंगरांतील गवत, ओढ्याचे पाणी, जंगलातील सरपण आणि आदिवासींची मेहनत, एवढेच भांडवल. या तेलाला गुलाबासारखा वास येतो, कारण दोहोंतही जिरॅनिऑल हे द्रव्य असते.

मुंबई बंदरातून हे तेल तांबड्या समुद्राकडील बंदरांत आणि पुढे कॉन्स्टँटिनोपलला जाई. तेथे त्याला नाव मिळे 'तुर्की जिरॅनियम तेल'. डिंकाचे पाणी मिसळून, उन्हात ठेवून त्याचा उग्रपणा घालवला जाई. मग ते बाल्कन प्रदेशातील, आजच्या बल्गेरियातील, गुलाबाच्या मुलुखात पोहोचे. गुलाबाचे एक किलो अस्सल तेल मिळवायला तीन ते चार टन पाकळ्या लागतात. त्यामुळे पाकळ्या भट्टीत घालण्यापूर्वी त्यांवर हे गवताचे तेल शिंपडले जाई आणि दोहोंचा एकच अर्क निघे. युरोपातील श्रीमंत स्त्रिया ज्याला गुलाब समजून मनगटाला लावीत, त्यात कित्येकदा सातपुडा आणि सह्याद्रीच्या उतारावरील गवत असे. एकोणिसाव्या शतकातील औषधिशास्त्राचे ग्रंथ ही भेसळ तपशिलाने नोंदवतात, कारण ती ओळखणे हा तेव्हाच्या रसायनतज्ज्ञांपुढील एक अवघड प्रश्न होता. खोटी ओळख, मिसळलेले रक्त, दूरदेशी वारस : सोप ऑपेराची सारी सामग्री येथे हजर आहे. फक्त भट्टीशी बसलेल्या माणसांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत.

मराठी मालिकांनी श्रीमंत घराणे उचलले, त्यामागचा व्यवसाय मात्र बहुधा धूसरच ठेवला. 'उद्योगसमूह', 'कंपनी', 'टेंडर' एवढे शब्द पुरत. याचे ठळक उदाहरण म्हणजे ई टीव्ही मराठीवर २००१च्या अखेरीस सुरू झालेली 'चार दिवस सासूचे'. रोहिणी हट्टंगडी यांची आशादेवी देशमुख, कविता लाड यांची अनुराधा. तीन हजारांहून अधिक भाग. नावात चार दिवस, प्रत्यक्षात अकरा वर्षे. ज्या ई टीव्ही समूहाने ती दाखविली त्याचे मुख्यालय हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत. सप्टेंबर १९४८पर्यंत जालन्याचा कारभार हैदराबादच्या निजामाकडून चाले. अर्ध्या शतकानंतर जालन्याची संध्याकाळ पुन्हा हैदराबादहून चालू लागली, एवढे टिपण इतिहासाच्या विद्यार्थ्याने आपल्या वहीत जरूर करावे.

या मालिकेच्या अकरा वर्षांतच महाराष्ट्रात भारनियमनाचा काळ येऊन गेला आणि ग्रामीण मराठवाड्याने त्याचा मोठा भार सोसला. ऐन प्रसंगात वीज जाई. जो भाग बुडे तो दुसऱ्या दिवशीच्या पुनःप्रक्षेपणात, किंवा शेजारणीच्या तोंडून कळे. कथेतील संथपणा, तोच संवाद तीन बाजूंनी दाखविणे, मागील भागाची उजळणी, यांची टिंगल शहरी समीक्षकांनी भरपूर केली. पण अर्धी रात्र अंधारात असणाऱ्या गावात अशीच कथा टिकू शकत होती. चार भाग हुकले तरी पाचव्या भागात नायिका त्याच जिन्यावर उभी असे. मा पर्किन्सच्या लेखकांनी कपडे धुता-धुता ऐकणाऱ्या स्त्रीसाठी हेच तंत्र वापरले होते.

मालिका २०१३च्या आरंभी संपली. जालना तेव्हा १९७२नंतरच्या भीषण दुष्काळात सापडला होता. मोसंबीच्या बागा वाळून उभ्या होत्या, शेतकरी झाडे तोडून सरपणाला विकत होते, शहरात टँकरची वाट पाहिली जात होती. देशमुखांच्या दिवाणखान्यातील फुलदाणीत फुले रोज ताजी असत.

पुढे २०१५मध्ये ई टीव्ही मराठीचे कलर्स मराठी झाले. हमाम आणि लॅक्मे आज एकाच कंपनीच्या यादीत आहेत. मोती अजूनही दिवाळीपूर्वी दुकानाच्या दर्शनी फळीवर येतो. 'गायडिंग लाइट' विझली, 'डायनेस्टी' १९८९मध्येच संपली होती. 'द यंग अँड द रेस्टलेस'ने मात्र मार्च २०२३मध्ये पन्नास वर्षे पूर्ण केली, आणि जाबो कॉस्मेटिक्सवर ताबा कोणाचा, हे भांडण पन्नाशी उलटल्यावरही मिटलेले नव्हते.